देव बापाकडून, रक्त दोघांकडून

गेल्या वर्षी माझा उजव्या खुब्याचा सांधा बदलला. ऑपरेशन चांगलं झालं. आता मी काठीशिवाय चालतो, सोसायटीचा जिना चढतो, फक्त मांडी घालून बसत नाही. एवढंच असतं तर लिहायचं कारण नव्हतं. कोथरूडमध्ये दर इमारतीत सांधे बदललेले दोघे-तिघे सापडतात आणि ते न विचारता सगळी माहिती देतात. माझा सांधा ज्या कारणाने गेला ते मात्र वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याबद्दल लिहितो आहे. ज्यांच्या घरात कोणाला लहानपणापासून 'वात' आहे, 'रक्त कमी' आहे आणि ज्यांचं मूळ गाव चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नंदुरबार अशा बाजूला आहे, त्यांनी वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

आम्ही गोंड. गाव चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून. मी खडकीला संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आलेला सुटा भाग मापात बसतो की नाही, एवढंच मी सांगतो. बसत असेल तर पुढे, नसेल तर परत. तरुणपणी नोकरी लागली म्हणून पुण्यात आलो आणि इथेच राहिलो. घरात मी, पत्नी सुनंदा आणि एकुलती एक मुलगी वर्षा.

वात

लहानपणी माझे हातपाय सुजायचे. आई रुईची पानं तव्यावर गरम करून बांधायची आणि मी दिवसभर ओरडायचो. मोठा झालो तशी सूज थांबली, दुखणं राहिलं. थंडीत, ताप आला की, किंवा कारखान्यात जास्तीची पाळी केली की हाडांच्या आतून कोणीतरी पिळतंय असं वाटायचं. दोन-चार दिवसांत उतरायचं. पुण्यात डॉक्टरांनी संधिवात म्हटलं. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, पालक खायला सांगितला. मी गोळ्याही खाल्ल्या आणि पालकही. हिमोग्लोबिन आठाच्या आसपास होतं ते तिथेच राहिलं. मोजमाप करणाऱ्या माणसाला हे खटकायला हवं होतं, असं आता कोणी म्हणेल. खटकत होतं. पण जो आकडा जन्मभर तोच असतो, तो माणसाला स्वतःचा वाटू लागतो, उंचीसारखा.

मग खुबा दुखायला लागला आणि चालणं वाकडं झालं. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो खचला आहे. सांधा बदलावा लागेल.

"समाज कोणता?"

ऑपरेशनआधीच्या तपासण्या एक शिकाऊ डॉक्टर मुलगी करत होती. रिपोर्ट बघता बघता ती थांबली.

"काका, मूळचे कुठले तुम्ही?"

"चंद्रपूरचा."

"समाज कोणता?"

पुण्यात हा प्रश्न मला पुष्कळदा विचारला गेला आहे. पुढे काय येतं ते मला पाठ आहे. दाखला, राखीव जागा, मग एक हसू. मी म्हणालो, "सांध्याला समाज लागतो का?"

ती बिचारी लाल झाली. "तसं नाही हो काका. रक्ताची एक तपासणी आहे. ती कोणाची करायची हे त्यावरून ठरतं."

"गोंड."

"मग आधी ती करू या. सांधा कुठे पळून जात नाही."

तीन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं. सिकलसेल. आजाराचाच प्रकार, नुसता वाहक नाही. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि पुढे रक्त जात नाही. लहानपणीची सूज, थंडीतलं दुखणं, न वाढणारं हिमोग्लोबिन, खचलेला खुबा, सगळं एकाच कारणाचं.

सुनंदा माझ्याकडे बघत होती. वर्षा जमिनीकडे. कारण हा शब्द आमच्या घरात नवा नव्हता. वर्षा पुण्यातच सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घेते आणि तिच्या प्रबंधाचा विषयच हा आहे. सिकलसेलच्या तपासणीकडे आपला समाज कसा बघतो, आणि तपासणी केलेले लोकसुद्धा लग्न ठरवताना त्याबद्दल का बोलत नाहीत. वर्षभर ती सुट्टीत गावोगाव फिरून लोकांशी बोलत होती. रोज जेवताना आमच्याकडे हीच चर्चा.

बाहेर आल्यावर ती रडायला लागली. "पुस्तकात सगळी लहान मुलं असतात, बाबा. पन्नाशी उलटलेला पेशंट पुस्तकात नव्हता."

मी म्हणालो, "मग पुस्तकाला दुरुस्ती सुचव." त्या दिवशी मला एवढंच सुचलं.

हिशेब

भीतीचं सांगतो. मरणाची भीती मला फारशी वाटली नाही. हा आजार घेऊन मी इतकी वर्षं जगलोच होतो. भीती दुसऱ्या हिशेबाची होती.

प्रत्येकाला या गुणाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. माझ्या दोन्ही बिघडलेल्या. म्हणजे वर्षाला माझ्याकडून एक बिघडलेली मिळालीच. यात शक्यता वगैरे नाही, खात्री आहे. सुनंदाच्या दोन्ही चांगल्या असतील तर वर्षा फक्त वाहक, तिला काही त्रास नाही. पण सुनंदा स्वतः वाहक असेल, तर वर्षालाही माझाच आजार असण्याची शक्यता निम्मी.

आणि सुनंदा माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे.

आमच्यात हे लग्न चांगलं मानतात. ज्या घरातून आई आली, त्या घरातून सून यावी. त्यात कोणाला नात्यातलं लग्न वाटत नाही, कारण आमच्यात नातं कुळाच्या देवांच्या संख्येवर मोजतात. कोणी चार देवे, कोणी पाच, सहा, सात. आम्ही सात देवे. सात देवे असलेला कोणीही, मग तो तेलंगणातला अनोळखी माणूस असला, तरी तो माझा भाऊ आणि त्याच्या घरात सोयरीक नाही. मामाचं घर सहा देवे. म्हणजे दुसरं कूळ. माझ्या आईने, आजीने, सगळ्यांनी एकच सांगितलं होतं की देव वेगळे तर रक्त वेगळं.

सुनंदाचा रिपोर्ट यायचा होता तेव्हा मी पलंगावर पडून हा हिशेब करत होतो. मला आजार म्हणजे आई किमान वाहक. आई वाहक म्हणजे मामाही असण्याची शक्यता किमान निम्मी. मामा असेल तर सुनंदा असण्याची त्याच्या निम्मी. प्रत्येक पायरीवर आकडा अर्धा होत होता, पण शून्य होत नव्हता.

मी वर्षाला म्हणालो, "आपण तर देव बघून लग्न केलं होतं."

ती म्हणाली, "बाबा, देव बापाकडून मोजतात. रक्त दोघांकडून येतं. तुम्ही सात देवे, पण निम्मं रक्त आजीचं, सहा देव्यांचं."

"म्हणजे आपली मोजणी चूक."

"चूक नाही, अर्धी. आणि आरोग्यवाले येतात ते सांगतात, नात्यात लग्न करू नका. आपले लोक मान डोलावतात. त्यांना वाटतं, आपण तर हे आधीपासून पाळतो, एका देवात मुलगी देतच नाही. दोघंही खरं बोलतात आणि कोणाला काही कळत नाही. माझ्या सरांनी प्रबंधासाठी याचं कारण आधी लिहून दिलं होतं, 'अज्ञान'. मी म्हटलं सर, इथे अज्ञान नाही. लोक मोजतात, फक्त वेगळं मोजतात. सोयरीक ठरवताना पहिला प्रश्न 'देव किती?' हाच असतो. त्याच्याच पाठोपाठ 'रक्त कसं?' विचारायला लावा. नवीन रीत कशाला शिकवता?"

मी तपासणी विभागातला माणूस. एका बाजूने मापात बसलेला भाग दुसऱ्या बाजूने मापाबाहेर असतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी ते माझ्याच मुलीकडून ऐकायला बरं वाटलं.

सुनंदाचा रिपोर्ट चांगला आला. दोन्ही प्रती चांगल्या. वर्षा वाहक. मी चादर तोंडावर ओढून घेतली आणि थोडा वेळ तशीच राहू दिली.

वॉर्ड

ऑपरेशनआधी मला रक्त चढवलं, पुष्कळ पाणी प्यायला लावलं, अंग गरम ठेवायला सांगितलं. या आजारात थंडी आणि कोरडेपणा वैरी. ज्यांना हे ऑपरेशन करायचं आहे त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव स्वतः सांगावं, कागदावर आहे म्हणून गप्प बसू नये.

शेजारच्या खाटेवर अत्तार म्हणून गृहस्थ होते, गुडघ्यासाठी आलेले. बुधवार पेठेत चष्म्याचं दुकान. शिकाऊ डॉक्टर मुलीने मला समाज विचारल्याची गोष्ट ऑपरेशन झाल्यावर मी त्यांना सांगितली.

"मलापण विचारतात हो," ते म्हणाले. "मूळचे कुठले? मी म्हणतो, बुधवार पेठ. नाही, त्याआधी? मी म्हणतो, त्याआधी रविवार पेठ. तरी समाधान होत नाही लोकांचं."

हसताना टाका दुखतो हे मला त्यांच्यामुळे कळलं.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दुपारी वातानुकूलन जोरात होतं आणि मला ते जुनं दुखणं आलं, पाठीतून, छातीतून, दोन्ही मांड्यांतून. जखमेचं दुखणं वेगळं असतं, हे वेगळं. मी सिस्टरना बोलावलं. नवीन होत्या. त्या म्हणाल्या, "आत्ताच तर इंजेक्शन झालंय. थोडं सहन करा ना काका, बायका बाळंत होतात की." मी आयुष्यभर सहनच केलं होतं, त्यामुळे माझा चेहरा फार वाकडा होत नाही. हे या आजारातलं मोठं संकट आहे. दुखणं दिसत नाही आणि मागणारा माणूस औषधाला चटावलेला वाटतो.

अत्तारांनी उशी आपटली. "अहो बाई, हा माणूस काल जखमेला कुरकुरला नाही. आज ओरडतोय म्हणजे काहीतरी असेल. डॉक्टरांना बोलवा, नाहीतर मी ओरडतो, माझा आवाज मोठा आहे."

डॉक्टर आले. सलाईन, ऑक्सिजन, जोराचं औषध. त्याच सिस्टर नंतर स्वतः गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन आल्या, एसीची झडप पुठ्ठ्याने बंद केली आणि रोज पाळी संपताना माझे पाय गार आहेत का बघून जायला लागल्या. माफी कोणी मागितली नाही, मला ती लागलीही नाही.

स्थळ

मी घरी आलो तोवर वर्षाचं लग्न जवळजवळ ठरलेलं होतं. माझ्या आजारपणाआधीपासून बोलणी चालू होती. मुलगा अमोल, खराडीला इंजिनिअर. चार देवे. वडील टेकाम गुरुजी, यवतमाळकडचे निवृत्त शिक्षक, आता मुलाकडेच राहतात. अमोल आणि वर्षा फोनवर बोलायचे, दोनदा भेटलेही होते. वर्षा घरात त्याचं नाव घेताना पाणी प्यायला उठायची, त्यावरून मी समजून होतो.

स्थळ सुनंदाच्या मोठ्या भावाने, देवरावने आणलं होतं. माझं ऑपरेशन का झालं असं गुरुजींनी विचारलं, तेव्हा त्याने सांगून टाकलं की भाऊजी स्कूटरवरून पडले.

"काहून असं सांगितलं?" मी विचारलं.

"मग काय सांगू जी? रक्तात दोष आहे म्हणून? पुण्यात आपली माणसं किती, भाऊजी? एका घरी बोललं की सगळीकडे होते. पोरीला कोण करीन?"

सुनंदा भावाच्या बाजूची होती. "अहो, तिला काही आजार नाही. वाहक म्हणजे धडधाकट. मग सांगायचं कशाला? लग्नानंतर तिची तीच सांगेल नवऱ्याला."

"आणि तोही वाहक निघाला तर? चार मुलांत एक..."

"तुमचे आकडे ठेवा बाजूला. मी तुमच्या उशाशी बसून पुरेसे आकडे ऐकले."

घरात त्यानंतर कोणी मोठ्याने बोललं नाही, पण कोणी नीट जेवलंही नाही. वर्षा मला म्हणाली, "मी अमोलला माझं सांगणार आहे. गावोगाव लोकांना सांगत फिरते, स्वतःचं लपवलं तर कोणत्या तोंडाने फिरू? पण माझं सांगितलं की तुमचं कळणारच. तो आजार तुमचा आहे. सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा, तोवर मी थांबते."

स्वतःचं खरं सांगायलाही तिला माझी परवानगी लागत होती. मला आवडलं नाही ते, पण तिचं बरोबर होतं.

बघायला आले

एका रविवारी सकाळी गुरुजी, टेकामबाई आणि अमोल मला बघायला आले. संत्री आणली होती. देवराव दाराशीच उभा राहिला, पाहुण्यांना बसवायचं त्याने आपल्याकडे घेतलं होतं. गुरुजी सावकाश बसले, माझ्या काठीकडे बघितलं आणि म्हणाले, "कुठं पडले जी तुम्ही? रस्ते लई खराब करून ठेवले पुण्यात."

देवराव म्हणाला, "कर्वे रोडला, गुरुजी. मेट्रोच्या खांबापाशी."

त्याने खांबसुद्धा ठरवून ठेवला होता.

मी म्हणालो, "पडलो नाही जी."

सुनंदा ट्रे घेऊन येत होती, ती तिथेच थांबली. मी सांगितलं. आजाराचं नाव, खुबा का गेला, वर्षा वाहक आहे, तिला त्रास नाही. अमोलनेही रक्त तपासून घ्यावं. दोघं वाहक असले तरी लग्न करता येतं, गरोदरपणी तपासणी होते, डॉक्टर सगळं समजावतात. पण जे करायचं ते माहीत असून करावं. मी कारखान्यात अहवाल देतो तसंच सांगितलं, कारण मला दुसऱ्या पद्धतीने बोलता आलं नसतं.

गुरुजी भिंतीकडे बघत राहिले. अमोल वर्षाकडे बघत होता. देवराव गॅलरीत जाऊन उभा राहिला.

टेकामबाई पुढे सरकल्या. त्यांनी विचारलं, "लहानपणी तुमचे हातपाय सुजत होते का जी?"

"हो."

"दोन्ही? बोटंसुद्धा?"

"हो."

"माझ्या पोरीचे सुजत होते," त्या म्हणाल्या. "अमोलच्या मोठ्या बहिणीचे. पिवळी पडली, पोट फुगलं. सहा वर्षांची होती. गेली."

गुरुजी म्हणाले, "जुनं कशाला काढते?" पण आवाजात जोर नव्हता.

माझ्या मनात तेव्हा एक आकडा आला. बहिणीला आजार असेल, तर धडधाकट भाऊ वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. तो मी बोललो नाही. वर्षालाही तो येत होता. तिने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

नंतर

अमोल वाहक निघाला.

दोघं एक संध्याकाळ बाहेर भेटले आणि बराच वेळ बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. घरी येऊन वर्षाने सांगितलं की आम्ही लग्न करत नाही आहोत. अमोलच्या घरात एक मूल असं गेलेलं आहे, पुन्हा त्या वाटेने जायची ताकद त्याच्या आईत नाही आणि त्याच्यातही नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे ते, बाबा." मग दार लावून घेतलं. प्रबंध काही दिवस बंद राहिला. देवराव अजून माझ्याशी तुटक बोलतो. सुनंदा बोलते, पण मधेच थांबते. माझ्या औषधाच्या गोळ्या मात्र तीच काढून देते आणि पाण्याचा तांब्या रिकामा दिसला की रागावते.

मला कोणी विचारलं की सांगून काय मिळालं, तर मुलीचं लग्न मोडलं हे पहिलं उत्तर आहे. ते मी लपवणार नाही. सांगितल्याने सगळं चांगलं होतं असं लिहिलं तर वाचणारा फसेल.

मग एक दिवस टेकामबाई एकट्याच आल्या. खराडीहून कोथरूड, दोन बस बदलून, हातात पत्ता लिहिलेला कागद. आम्हाला वाटलं, बोलणी पुन्हा करायला आल्या. त्यांनी चहा घेतला, माझी चौकशी केली, लग्नाचा शब्द काढला नाही. मग वर्षाला शेजारी बसवून म्हणाल्या, "तू शिकली हायेस म्हणून विचारतो. मी माझ्या पोरीला नदीवर घेऊन गेली होती. थंडी होती. तिने हट्ट केला म्हणून अंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी दुखणं आलं, ते गेलंच नाही. सासू मरेपर्यंत म्हणत होती, तुझ्या हातानं गेली. खरं का?"

वर्षाने त्यांचा हात धरला. तिने समजावलं, की आजार जन्मापासून रक्तात होता, आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा आलेला. थंडीने दुखणं उठतं, पण आजार थंडीने होत नाही. त्या काळी तुमच्या गावात त्याचं नावही कोणाला माहीत नव्हतं. तुमच्या हाताने काही झालं नाही, मावशी.

टेकामबाई ऐकत होत्या, पण ते आत जात नव्हतं हे दिसत होतं. वर्षाला गोंडी तोडकीमोडकी येते. पुण्यात वाढलेली मुलगी. तिने आईकडे बघितलं.

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लग्न मोडल्यापासून टेकामांच्या घराचं नाव तिने घेतलं नव्हतं. ती आली, खाली जमिनीवर टेकामबाईंच्या पायाशी बसली आणि तेच सगळं गोंडीत सांगितलं, हळूहळू, मधे न थांबता.

टेकामबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. डोळे पुसले नाहीत. मग म्हणाल्या, "अजून एकदा सांग."

सुनंदाने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.